'महंत' तीन घरात बसतो, पण सगळ्या मठात बसत नाही

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्यावरून हे पत्र लिहितेय. कोड्यावरून पत्र लिहायला हिला बरा वेळ मिळतो असं वाटलं तर बरोबर वाटलं, बँकेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली आणि वेळच वेळ आहे. मोबाईलवर टाइप करतेय, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या असं लिहिणार होते पण पुढं मी तुमच्याच ऱ्हस्व-दीर्घावर बोलणार आहे त्यामुळं ती सवलत मला मागता येणार नाही.

तर ११ आडवा. 'मठाचा प्रमुख', तीन घरं. आमच्या सासूबाई वय ८६, त्या भिंग आणि पेन्सिल घेऊन सकाळी सातला कोडं सोडवायला बसतात आणि आम्ही कुणी त्यांच्याआधी पेपरला हात लावायचा नाही असा घरचा कायदा आहे. त्यांनी लगेच म, हं, त लिहून टाकलं. तेवढ्यात शेजारच्या अक्का विरजण मागायला आल्या, त्या लिंगायत, माहेर पार तिकडं कर्नाटकात. त्यांनी कोड्यात डोकावून बघितलं आणि म्हणाल्या "आमच्यात कुठं हो महंत असतोय? आमच्यात अप्पा." सासूबाई म्हणाल्या अप्पा दोन घरात संपतो, इथं तीन आहेत. मी मधे तोंड घातलं की मग तुमच्यात मठपती म्हणत असतील. त्यावर अक्का अशा हसल्या की वाटीतलं विरजण सांडतंय की काय. मठपती म्हणजे मठाचा मालक नाही, लग्नाला, मयताला, घरच्या पूजेला येणारे, बेल आणून देणारे जंगम ते मठपती. मठाचे जे मोठे स्वामी ते पट्टाधिकारी, आणि घरात बोलताना नुसतं अप्पा नाहीतर स्वामीजी. मी इतकी वर्षं लिंगायत शेजारात राहते, लातूर-नांदेडकडचे दोन मठपती आडनावाचे सहकारी बँकेत होते, तरी मला नावातल्या 'पती'वरून वाटायचं की यांचे पणजोबा मठाचे प्रमुख असणार. शब्द फोडला की अर्थ कळतोच असं नाही.

हे एवढंच असतं तर पत्र लिहिलं नसतं. पण त्याच आठवड्यात तुमच्याकडं आतल्या पानावर एक फोटो होता, लाल वस्त्रातले वयस्क लामा, मागं महाबोधी मंदिर, आणि खाली कॅप्शन 'बौद्ध महंत बोधगयेत'. सासूबाईंना मी कॅप्शन वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या "बौद्धांत महंत कधीपासून?" आणि मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मग शोधाशोध केली.

दुसऱ्या कुठल्याही गावी हा शब्द घसरला असता तर चाललं असतं हो, पण बोधगया! तिथं 'महंत' या शब्दाला सव्वाशे वर्षांच्या भांडणाचा वास आहे. बोधगयेचे महंत म्हणजे शैव, दशनामी गिरी गोसाव्यांच्या मठाचे प्रमुख, त्यांचा मठ सोळाव्या शतकाच्या शेवटी घमंडी गिरी यांच्यापासून चालत आलेला आणि महाबोधी मंदिराचा ताबा इंग्रजांच्या काळात त्या महंतांकडं होता. १८९१ मधे श्रीलंकेहून अनागारिक धर्मपाल आले, त्यांनी मंदिर बौद्धांना मिळावं म्हणून महाबोधी सोसायटी काढली, १८९५ मधे त्यांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती वरच्या मजल्यावर ठेवली तर महंतांच्या माणसांनी ती हलवली आणि प्रकरण कोर्टात गेलं. पुढं १९४९ चा कायदा झाला, त्यात मंदिराच्या समितीवर चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी अशी रचना झाली, आणि ती रचना बदला म्हणून आजही आंदोलन चालू आहे, नागपूरच्या भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांचं नाव या आंदोलनात किती वर्षं आपण वाचतोय. आता सांगा, ज्या गावात बौद्धांचं भांडणच महंतांशी, तिथं लामांच्या फोटोखाली 'बौद्ध महंत' म्हणजे फिर्यादीच्या फोटोखाली आरोपीचं नाव छापल्यासारखं झालं. कॅप्शन लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसणार, मठ दिसला, म्हातारे दिसले, मोबाईलनं पण 'मह' टाइप केल्यावर पुढं 'महंत' सुचवलं असेल. पण नागपुरात किंवा मिरजेतल्याच बौद्ध वस्तीत कुणी ते वाचलं तर त्याला काय वाटेल याचा विचार कुणीतरी करायला नको का.

बरं, बौद्धांकडं शब्दांचा तुटवडा आहे असंही नाही. आपल्याकडं रोज ऐकू येणारा शब्द भंते, तो मुळात भदंतचं हाक मारण्याचं रूप, आदरानं बोलावताना भंते आणि नावाआधी लिहिताना भदंत. दीक्षा घेऊन दहा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले मुक्काम, झाले की थेर म्हणजे स्थविर, वीस झाले की महाथेर, महास्थविर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा दिली ते चंद्रमणी महास्थविर. श्रीलंकेत विहाराच्या प्रमुखाला विहाराधिपती म्हणतात, किती ओळखीचा वाटतो बघा. तिबेटी मठाच्या प्रमुखाला खेंपो म्हणतात, आणि लामा म्हणजे गुरू, लाल कपड्यातला प्रत्येक भिक्खू लामा नसतो. भदंत आणि महंत कानाला जुळ्या भावांसारखे वाटतात हे मला मान्य आहे, पण जुळ्या भावांची आधार कार्डं वेगळी असतात.

आता तुम्ही म्हणाल की बौद्धांचं ठीक, पण हिंदू साधूंना महंत म्हटलं तर काय बिघडलं. तेही सांगते, कारण ही चूक मी स्वतः तोंडावर आपटून शिकलेय. २०१५ च्या सिंहस्थाला आमच्या भिशीच्या बायकांची बस त्र्यंबकेश्वरला गेली होती. पाऊस असा की चप्पल चिखलात रुतून राहायची आणि पाय पुढं जायचा. एका आखाड्याच्या मंडपात आडोशाला शिरलो तर तिथं जटा बांधलेले, कपाळभर भस्म लावलेले एक धिप्पाड साधू तराजूवर कणीक मोजत बसले होते, मागं पोत्यांची चळत, कोपरापर्यंत हात पांढरे. मी आपली पदर घेऊन "महंतजी नमस्कार" म्हणून वाकले. ते म्हणाले "माताजी, महंत तो अंदर बैठे हैं, मैं कोठारी हूं, मुझे महंत बना दोगी तो आटा कौन तौलेगा?" आणि खो खो हसले. मग आम्हाला चहा दिला आणि पाऊस थांबेपर्यंत ते आखाड्यातल्या माणसांबद्दल सांगत बसले.

त्यातलं आठवतंय ते असं की आखाडा म्हणजे नुसता साधूंचा जमाव नाही, त्यात पदांची उतरंड आहे. कोठारी कोठी सांभाळणार, भंडारी मुदपाक, कोतवाल हातात चांदीची काठी घेऊन शिस्त बघणार, कारभारी हिशोब आणि व्यवहार, ठाणापती म्हणजे एखाद्या ठिकाणची जागा सांभाळणारा, मग महंत, आणि त्यांच्यावर श्रीमहंत, आणि आखाड्याचा कारभार पंचांच्या हातात. आणि टीव्हीवर ज्यांना आपण सगळ्यात मोठे समजतो, छत्र, चांदीचा रथ वगैरे, ते महामंडलेश्वर, तो मान आहे, विद्वत्तेचा आणि शिष्यपरिवाराचा मान, पण कोठीच्या किल्ल्या त्यांच्याकडं नसतात. आपल्या साखर कारखान्यात चेअरमन वेगळा आणि मिरवणुकीत पुढच्या जीपमधे उभा असतो तो वेगळा, तसंच काहीतरी म्हणा, माझी उपमा कोठारीबाबांना आवडली नसती.

म्हणून 'साधू-महंतांची गर्दी' हे तुमचं लाडकं हेडिंग मला खटकतं. ते 'शिक्षक-मुख्याध्यापकांची गर्दी' लिहिल्यासारखं आहे. एकूण तेरा आखाडे, सात शैव, तीन वैष्णव, दोन उदासीन आणि एक निर्मल, त्यातले पेशवाईतल्या भांडणापासून वैष्णव तेवढे नाशिकला रामकुंडावर आणि बाकी दहा त्र्यंबकला. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात महंत किती आणि नुसते साधू किती! २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे, तुमची माणसं नाशिकला जाऊन बसतील, रोज पान पान भरेल, तेव्हा एवढं चेक करा की समोरचा माणूस नक्की कोण आहे. आणि हो, 'श्रीमहंत' हे पद आहे, एक शब्द. तुमच्याकडं दर वेळी 'श्री महंत' असं सुटं छापून येतं आणि मग श्री. पाटील, श्री. कुलकर्णी, तसे श्री. महंत वाटतात. बिचाऱ्यांचं प्रमोशन एका स्पेसनं काढून घेतलं.

बाकी ठिकाणी तर हा शब्द चालतच नाही. वारकऱ्यांत बघा, पंढरपुरात मठ गल्लोगल्ली आहेत पण वासकर फडाच्या प्रमुखांना कुणी महंत म्हटलेलं मी ऐकलं नाही, तिथं फडकरी, नाहीतर सरळ महाराज. गोव्यात पर्तगाळीचा मठ १४७५ पासूनचा, कवळ्याचा मठ आहे, तिथं स्वामी किंवा मठाधीश, आणि आधी शिष्यस्वामी म्हणून घेतात मग गुरूंनंतर गादी. नाथांचं तर वेगळंच, सिंहस्थात त्र्यंबकहून जोगींची झुंडी पायी निघते ती पार मंगळूरच्या कद्री मठापर्यंत जाते आणि तिथं मठावर बारा वर्षांसाठी जो बसतो त्याला म्हणतात राजा. पण त्याच नाथांच्या गोरखपूरच्या मठात मात्र महंत. महानुभावांकडं महंत आहेत, रिद्धपूरला जाऊन बघा, पण बोलताना बाबा. आसामात तर महंत हे आडनावच आहे, १९८५ मधे मुख्यमंत्री झालेले प्रफुल्लकुमार महंत आपल्याला आठवतात, आणि तिथल्या सत्राच्या, म्हणजे वैष्णव मठाच्या, प्रमुखाला म्हणतात सत्राधिकार. पंजाबात २० फेब्रुवारी १९२१ ला ननकाना साहिबला तिथला गुरुद्वारा ताब्यात असलेल्या महंताच्या माणसांनी शिखांची कत्तल केली आणि पुढं १९२५ चा गुरुद्वारा कायदा आला, त्यामुळं तिकडं या शब्दाला कडू चव आहे. ख्रिस्ती मठाच्या प्रमुखाला इंग्रजीत ॲबट म्हणतात, तो शब्द 'अब्बा' म्हणजे बाप यावरून आलेला, म्हणजे फिरून आमच्या अक्कांच्या अप्पांपाशीच आलो की नाही. त्याचं मराठी करताना महंत करू नका, मठाधिपती करा नाहीतर ॲबटच राहू द्या, वसईच्या लोकांना कळतं.

मुळात महंत म्हणजे काय, तर मोठा. संस्कृत महत्, त्याचं प्राकृतात महंत. 'महत्त्व' पण त्यातलाच, महत् अधिक त्व, म्हणून त्यात त दोनदा येतो, आणि तुमच्या अग्रलेखात गेले कित्येक महिने एकच येतोय, पण तो विषय आज नको.

आता मी मिरजेची असल्यामुळं मला एका महंताबद्दल बोलल्याशिवाय राहवणार नाही. आमच्या गावात वेणाबाईंचा मठ आहे. लहानपणी विधवा झालेली बाई, समर्थांचा अनुग्रह घेतला, लोकांनी नावं ठेवली, घरच्यांनी विष दिलं अशी कथा इथं सांगतात, पण समर्थांनी तिला कीर्तनाला उभं केलं आणि मिरजेचा मठ तिच्या हातात दिला. सतराव्या शतकात! विधवेनं चार माणसांत उभं राहून कीर्तन करायचं म्हणजे काय असेल ते तुम्ही विचार करा. तिनं सीतास्वयंवर लिहिलं, तिची समाधी सज्जनगडावर आहे. आणि गंमत म्हणजे तिला कुणी महंतीण वगैरे म्हटलं नाही, वेणास्वामी म्हटलं. टाकळीला उद्धवस्वामी, डोमगावला कल्याणस्वामी, तंजावरला भीमस्वामी, तसं मिरजेला वेणास्वामी.

आमचे वडील रोज दासबोधाचा एक समास वाचायचे, मोठ्यानं, आम्ही अंथरुणात असताना. त्यातला अकराव्या दशकातला सहावा समास महंतलक्षणाचा. मला लहानपणी वाटायचं की महंताचं पहिलं लक्षण म्हणजे वैराग्य असेल, ध्यान असेल, निदान उपास तरी. तर पहिलीच ओवी काय आहे,

शुद्ध नेटकें ल्याहावें। लेहोन शुद्ध शोधावें।
शोधून शुद्ध वाचावें। चुको नये॥

संपादक साहेब, ही ओवी तुमच्या ऑफिसात भिंतीवर लावायची आहे. शुद्ध लिही, लिहिलेलं तपास, तपासून वाच, चुकू नको. हे तर प्रूफरीडरचं काम झालं! आणि दुसऱ्या ओवीत विसकटलेली पोथी नीट लावायला सांगितली आहे. म्हणजे समर्थांच्या डोळ्यासमोरचा महंत हा गादीवर लोडाला टेकून बसलेला माणूस नव्हताच, तो गावात जाऊन पोथ्यांच्या नकला उतरवणारा, पोथी नीट लावणारा, कीर्तन करणारा, माणसं जोडणारा कार्यकर्ता होता. त्याच दशकात पुढं दहाव्या समासात 'महंतें महंत करावे' आहे आणि त्यांना शहाणं करून देशोदेशी विखरून टाकावं असं आहे. विखरावे, हा शब्द बघा. धान्य पेरताना विखरतात तसं. शिष्य आपल्याभोवती गोळा करून बसायचे नाहीत, तयार झाला की पाठवून द्यायचा. बँकेत आमच्या एका मॅनेजरनं एकही क्लार्क तयार होऊ दिला नाही, सगळ्या चाव्या स्वतःच्या कमरेला, तो रजेवर गेला की अख्खी ब्रँच बसून, तेव्हा मला वडिलांचा हा समास आठवायचा.

पुढं मठांना जमिनी आल्या, वाडे आले, गादीवरून कोर्टकचेऱ्या आल्या. १९५४ मधे उडुपीकडच्या शिरूर मठाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की महंतपदात अधिकाराचं पद आणि मालमत्ता दोन्ही मिसळलेलं असतं, कर्तव्य पण आणि स्वतःचा हितसंबंध पण. कायद्याच्या भाषेत बरोबरच आहे ते. पण ओवीतला महंत आणि निकालपत्रातला महंत यांच्यात किती अंतर पडलं बघा.

आणि मराठीत टोमणा मारायला आपण कुठला शब्द उचलला? महंत नाही, मठाधिपती. साहित्यातले मठाधिपती, नाटकातले मठाधिपती, अमुक तमुक मठ, तुमच्याच पुरवणीत दर संमेलनाच्या आधी हा शब्द येतोच. सरळ अर्थानं मठाधिपती असलेल्या माणसाला ते वाचून काय वाटत असेल देव जाणे. शब्दाचं असंच होतं, त्याला काही इलाज नाही, आणि टोमणा बंद करा असं मी म्हणतही नाही, मला स्वतःला तो आवडतो. फक्त मग खऱ्या मठाच्या बातमीत तो शब्द वापरताना सूर सांभाळावा लागतो एवढंच.

राहता राहिलं शुद्धलेखन, जे मी सुरुवातीला कबूल केलं होतं. मठाधिपतीत धि ऱ्हस्व, कारण मठ अधिक अधिपती. मठाधीशमधे धी दीर्घ, कारण अधि अधिक ईश. तुमच्याकडं 'मठाधिश' छापून येतो, तो कुठल्याच बाजूनं बरोबर नाही. त्याहून वाईट म्हणजे 'पिठाधीश्वर'. पीठ म्हणजे आसन, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, त्याचा पी दीर्घच राहतो, पीठाचे, पीठाधीश्वर. पि ऱ्हस्व होतो तो ज्वारीच्या पिठाचा. म्हणजे पिठाधीश्वर हा पिठाचा ईश्वर झाला, आमच्या कोपऱ्यावरचा गिरणीवाला. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की पाणी द्यावं लागलं, आणि मला त्र्यंबकचे ते कोपरापर्यंत पांढरे हात आठवले. आजवर मी एकच खरा पिठाधीश्वर बघितलाय आणि तो स्वतःला महंत म्हणवून घ्यायला पण तयार नव्हता.

माझं मागणं फार नाही. बातमी देताना त्या मठातल्या माणसालाच विचारा की तुमच्या प्रमुखांना तुम्ही काय म्हणता, आणि तो सांगेल तसं छापा, स्वामी तर स्वामी, अप्पा तर अप्पा, खेंपो तर खेंपो. एक फोन लागतो त्याला. आणि ती बोधगयेची कॅप्शन चुकली एवढं दोन ओळीत छापा, आतल्या पानावर छापली होती तर आतल्याच पानावर छापा, चालेल.

११ आडव्याचं उत्तर तुम्ही या रविवारी 'महंत'च दिलंय, तेव्हा सासूबाई जिंकल्या आणि अक्कांनी विरजणाची वाटी अजून परत केलेली नाही. मात्र १४ उभा, 'ओलावा, चार अक्षरी', यात तुमच्या उत्तराप्रमाणं तिसरं अक्षर आडव्या शब्दाशी जुळत नाही, ते एकदा बघून घ्या, सासूबाईंनी खोडरबरानं तिथं कागद फाडलाय.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
मिरज